जपानी भाषेचा विद्यापीठीय अभ्यास आणि मराठीचा अभ्यासक : हायकूच्या निमित्ताने

१

सुमारे दहा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. एम. ए.च्या वर्गात आधुनिक मराठी कवितेतील रचनाबंधांचा परिचय करून देत असताना प्रस्तुत लेखिकेने हायकू या काव्यप्रकाराविषयी नेहमीची माहिती सांगितली. हायकू मूळचा जपानी, तो तीन ओळींचा असतो, त्यात पाच-सात-पाच अशी एकूण सतरा अक्षरे असतात, हे आपण सर्वच अध्यापक सांगतो. तेव्हा मागच्या बाकावरील एका विद्यार्थिनीने विचारले, "मॅडम, ही सतरा अक्षरे की सतरा मात्रा?" तिला "अक्षरे" असे निःशंक उत्तर दिले गेले आणि तास पुढे सरकला. ही विद्यार्थिनी संध्याकाळी जपानी भाषेच्या प्रमाणपत्र-वर्गाला जात होती, हे नंतर समजले.

ते उत्तर चुकीचे होते. पुढे काही वर्षांनी लेखिकेने स्वतः जपानीच्या वर्गात नाव घातले, तेव्हा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच ही चूक ध्यानात आली. चूक एका माहितीपुरती असती तर तिच्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. पण ती कशी घडली याचा विचार करू लागल्यावर असे दिसले की, हायकूविषयी आपल्याकडे जे काही शिकविले जाते ते जवळजवळ सर्व इंग्रजी पुस्तकांतून आलेले आहे. आणि इंग्रजीच्या वाटेने येताना जे गळून पडले आहे, ते नेमके मराठी माणसाला सहज कळण्याजोगे होते. ज्या प्रश्नाचे उत्तर देण्यास मराठी छंदःशास्त्र जाणणारा अभ्यासक इंग्रजी जाणणाऱ्यापेक्षा अधिक समर्थ होता, त्याच प्रश्नाचे उत्तर त्याने इंग्रजीकडून उसने घेतले.

जपानी भाषा व संस्कृती यांच्या विद्यापीठीय अभ्यासात मराठीच्या अभ्यासकाला कोणते स्थान असू शकते, मराठी ही भाषा त्या अभ्यासात साधन म्हणून कितपत उपयोगी पडते आणि कोठे दगा देते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

(जपानी शब्द देवनागरीत देताना दीर्घ स्वर अवग्रहाने (ऽ) दाखविला आहे, अवग्रह नसलेला 'आ', 'ए' वा 'ओ' ऱ्हस्व समजावा. व्यक्तिनामे व ग्रंथनामे मात्र रूढ रीतीने दिली आहेत.)

२

भारतातील विद्यापीठांत जपानीचे अध्यापन नवीन नाही. रवींद्रनाथ ठाकुरांनी १९१६ मध्ये जपानचा पहिला प्रवास केला आणि त्यांच्या विश्वभारतीने जपानशी दीर्घकाळ संबंध राखला. तेथे १९९४ मध्ये 'निप्पोन भवन' उभे राहिले. दिल्ली विद्यापीठ आणि जवाहरलाल नेहरू विद्यापीठ येथे जपानीचा उच्च अभ्यास होतो. पुणे तर जपानी शिकणाऱ्यांचे गाव म्हणूनच ओळखले जाते. पुणे विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात आणि टिळक महाराष्ट्र विद्यापीठात जपानी शिकविले जाते, आणि खासगी वर्गांची तर गणतीच नाही.

या अभ्यासाला आज प्रामुख्याने दिशा देते ती जपानी भाषा प्रावीण्य परीक्षा. ती १९८४ मध्ये सुरू झाली आणि २०१० पासून तिच्या एन-५ ते एन-१ अशा पाच पायऱ्या आहेत. नोकरी, शिष्यवृत्ती, दुभाष्याचे काम या सर्वांसाठी तिचे प्रमाणपत्र विचारले जाते. तेव्हा विद्यार्थ्यांचे लक्ष तिच्याकडे लागलेले असते याबद्दल त्यांना दोष देता येणार नाही. परंतु या परीक्षेचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. तीत दिलेल्या पर्यायांतून उत्तर निवडावयाचे असते. विद्यार्थ्याला एकही वाक्य स्वतः रचून लिहावे लागत नाही. अभिजात जपानीचे व्याकरण तीत येत नाही. त्यामुळे वरच्या पायरीवर उत्तीर्ण झालेला विद्यार्थी यंत्राची माहितीपुस्तिका अनुवादित करू शकतो, पण सतराव्या शतकातील बाशोची एक ओळ समोर आली तर अडखळतो. आजचे मराठी उत्तम जाणणारा वाचक *ज्ञानेश्वरी*पुढे अडखळतो, तसाच हा प्रकार आहे. आपल्याकडे ती अडचण दूर करणे हे मराठी विभागाचे काम समजले जाते. जपानीच्या बाबतीत ते काम कोणाचे, हे आपल्याकडे ठरलेले नाही.

परिणामी दोन गट तयार झाले आहेत. एका गटाला जपानी येते, पण साहित्याभ्यासाची शिस्त नाही. दुसऱ्याला साहित्याभ्यासाची शिस्त आहे, पण जपानी येत नाही. दुसऱ्या गटात आपण आहोत.

३

मराठी विद्यार्थी जपानीच्या पहिल्या तासाला बसतो तेव्हा त्याच्यापुढे कानाक्षरांचा तक्ता ठेवला जातो. जपानीत त्याला 'गोजुऽओन्', म्हणजे 'पन्नास ध्वनी', असे म्हणतात. स्वरांचा क्रम आहे आ, इ, उ, ए, ओ. आणि ओळींचा क्रम आहे आ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. इंग्रजी माध्यमातील पाठ्यपुस्तके हा क्रम पाठ करण्यासाठी नाना क्लृप्त्या सुचवितात, कारण इंग्रजी वाचकाच्या दृष्टीने त्याला काही कारण नसते. देवनागरी शिकलेल्या मुलाला मात्र हा क्रम पाहताक्षणी ओळखीचा वाटतो, आणि तो वाटतो याला ऐतिहासिक कारण आहे.

हा क्रम संस्कृत वर्णमालेवरून आलेला आहे. बोधिसेन हा भारतीय भिक्षू ७३६ मध्ये जपानला पोहोचला आणि ७५२ मध्ये नारा येथील तोदाइजी मंदिरातील महाबुद्धाचा नेत्रोन्मीलन-विधी त्याच्या हस्ते झाला. कूकाई (७७४–८३५) हा जपानी आचार्य ८०६ मध्ये चीनहून परतला तो मंत्रपाठासाठी लागणारी सिद्धम् लिपीतील सामग्री घेऊन. या लिपीचा अभ्यास, ज्याला जपानीत 'शित्तान्' म्हणतात, बौद्ध मठांत चालू राहिला आणि त्या अभ्यासातूनच जपानी ध्वनींची मांडणी भारतीय उच्चारशास्त्रानुसार करण्याची पद्धत निर्माण झाली. आजही जपानी स्मशानातील स्मृतिफलकांवर सिद्धम् अक्षरे लिहिलेली दिसतात. त्या फलकांचे 'सोतोबा' हे नाव 'स्तूप' या शब्दापासून आले आहे. अक्षरांची आकृती मात्र भारतीय नाही, ती चिनी चिन्हांचे संक्षेप होऊन बनली. क्रम भारताचा व आकार चीनचा, असा हा योग आहे.

मराठी विद्यार्थी थोडा विचार करील तर या तक्त्यातून जपानीचा ध्वनि-इतिहासही त्याला वाचता येतो. 'क' वर्गानंतर आपल्याकडे 'च' वर्ग येतो, तेथे जपानीत 'सा' आहे. 'ना' आणि 'मा' यांच्या दरम्यान आपल्याकडे 'प' वर्ग येतो, तेथे 'हा' आहे. 'ह' हा ओष्ठ्य वर्णांच्या जागी का बसला? कारण तो पूर्वी 'प' होता. शिवाय जपानीत घोष व्यंजन दाखविण्यासाठी अक्षराला दोन लहान रेघा देतात : 'का'चा 'गा' होतो, 'ता'चा 'दा' होतो, आणि 'हा'चा होतो 'बा'. 'ह'चा घोष जोडीदार 'ब' कसा, हे कोडे इंग्रजी पुस्तकात अपवाद म्हणून पाठ करावे लागते. प-ब ही जोडी ज्याला शाळेपासून ठाऊक आहे त्याला ते एका वाक्यात उलगडते. 'सा' हाही पूर्वी 'च'च्या जवळचा ध्वनी होता, असे यावरूनच अनुमान केले जाते.

४

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. जपानी भाषेत कालमापनाचे एकक अक्षर नाही. ते मात्रेशी जुळणारे आहे. दीर्घ स्वराला दोन मात्रा, द्वित्वातील पहिल्या अर्ध्या व्यंजनाला एक मात्रा, आणि अक्षराच्या शेवटी येणाऱ्या 'न्'ला स्वतंत्र एक मात्रा. 'निप्पोन्' या शब्दात इंग्रजी कान दोन अक्षरे ऐकतो. जपानी माणूस नि-प्-पो-न् अशा चार मात्रा मोजतो. 'तोऽक्योऽ' या नगरनामातही चार मात्रा आहेत.

ज्याने माधव जूलियनांच्या *छंदोरचने*चा अभ्यास केला आहे, त्याला यात नवीन काहीच नाही. जोडाक्षरापूर्वीचे अक्षर गुरू होते आणि गुरूच्या दोन मात्रा होतात, हा नियम लावून 'निप्पोन्' मोजले तरी उत्तर चारच येते. ध्यानात ठेवावयाचा भेद एवढाच की, आपल्याकडे 'आ', 'ए', 'ओ' हे स्वर गुरूच धरले जातात, जपानीत ते ऱ्हस्वही असतात. 'हाइकु' हा शब्द जपानीत हा-इ-कु असा तीन मात्रांचा आहे. मराठीत आपण 'हायकू' लिहितो, कारण शब्दाच्या शेवटचा उकार दीर्घ लिहिण्याचा आपला लेखननियम आहे. म्हणजे या प्रकाराचे नाव लिहितानाच आपण त्याचे माप बदलले आहे.

हा भेद केवळ छंदापुरता नाही. 'ओबासान्' म्हणजे काकू किंवा मावशी, 'ओबाऽसान्' म्हणजे आजी. 'किते' म्हणजे 'येऊन', 'कित्ते' म्हणजे टपालाचे तिकीट. ऱ्हस्व-दीर्घाचा आणि द्वित्वाचा भेद रोमन लिपीत सहज हरवतो आणि ती लिपी वाचून शिकलेल्याच्या जिभेवरूनही हरवतो. 'टोकियो', 'टोयोटा', 'होंडा' हे आपले रूढ उच्चार पाहावेत. जपानीतील दंत्य 'त' आणि 'द' यांच्या जागी आपण मूर्धन्य 'ट' आणि 'ड' बसविले, ते इंग्रजीतील ध्वनी ऐकून. 'त' लिहिण्याची सोय आपल्या लिपीत असताना आपण ती वापरली नाही.

५

वाक्यरचनेच्या क्षेत्रात मराठीचा उपयोग याहून मोठा आहे. जपानी व मराठी या एका कुळातील भाषा नाहीत, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. येथे दाखविलेले साम्य रचनेचे आहे, वंशाचे नाही. दोन्ही भाषांत क्रियापद शेवटी येते, संबंधदर्शक शब्द नामानंतर येतो आणि विशेषण-वाक्य नामापूर्वी येते. 'किनोऽ कात्ता होन्' याचे मराठी शब्दशः 'काल घेतलेले पुस्तक' असेच होते. 'तानाका तो इउ हितो' याचे 'तानाका म्हणून एक माणूस'. 'म्हणणे' या अर्थाच्या धातूचा नाव सांगण्यासाठी केलेला हा उपयोग मराठी बोलणाऱ्याला समजावून सांगावा लागत नाही.

सर्वांत लक्षणीय साम्य संयुक्त क्रियापदांत आहे. जपानीतील '-ते' प्रत्ययान्त रूप आपल्या '-ऊन' प्रत्ययान्त रूपासारखे चालते आणि त्यानंतर येणारे सहायक क्रियापद मुख्य क्रियेला छटा देते. 'ताबेते मिरु' म्हणजे 'खाऊन पाहणे', आणि 'मिरु' या धातूचा मूळ अर्थ 'पाहणे' हाच आहे. 'कात्ते ओकु' म्हणजे 'विकत घेऊन ठेवणे', आणि 'ओकु' म्हणजे 'ठेवणे'. 'मोत्ते कुरु' म्हणजे 'घेऊन येणे'. 'ताबेते शिमाउ' याला आपण 'खाऊन टाकणे' म्हणू. इंग्रजी माध्यमातून शिकणाऱ्याला यांतील प्रत्येक रचना स्वतंत्र धडा म्हणून शिकावी लागते. मराठी विद्यार्थ्याला बहुतेक ठिकाणी फक्त शब्द शिकावे लागतात.

अनुकरणवाचक शब्दांची गोष्टही अशीच. छातीची 'दोकिदोकि' ही आपली 'धडधड', ताऱ्यांची 'किराकिरा' ही आपली 'लुकलुक' किंवा 'चमचम', पावसाची 'झाऽझाऽ' म्हणजे आपले 'धो धो'. जपानी गद्यात आणि पद्यात या शब्दांचे प्रमाण मोठे आहे. इंग्रजी अनुवादात त्यांच्या जागी क्रियाविशेषणे किंवा वेगळी क्रियापदे येतात आणि नाद नाहीसा होतो. तो अनुवाद पुन्हा मराठीत आणला की, मराठीत असलेली 'धडधड' वापरण्याची संधीच अनुवादकाला मिळत नाही.

कर्त्याच्या अध्याहाराचे उदाहरण यासाठी बोलके आहे. १९६८ चे नोबेल पारितोषिक मिळालेले यासुनारी कावाबाता यांच्या *युकिगुनी* ('हिमप्रदेश') या कादंबरीचे पहिले वाक्य जपानी वाचकांना मुखोद्गत असते. त्या वाक्यात कर्ता नाही. बोगदा कोणी ओलांडला ते सांगितलेले नाही. 'आगगाडी' हा शब्दही त्यात नाही. वाचक स्वतःच त्या बोगद्यातून बाहेर पडतो. एडवर्ड साइडेनस्टिकर यांच्या १९५६ च्या इंग्रजी अनुवादात आगगाडी हा कर्ता आला, कारण इंग्रजी वाक्याला कर्ता हवाच असतो. मराठीला तो लागत नाही. '-ताच' प्रत्ययान्त कृदन्ताने आरंभ करून मराठीत असे कर्तृहीन वाक्य बिनदिक्कत लिहिता येते. परंतु अनुवादक इंग्रजीवरून काम करीत असेल तर तो आगगाडी मराठीतही आणणार.

६

एवढे साम्य पाहून मराठी विद्यार्थ्याचा आत्मविश्वास वाढतो, आणि येथेच सावध व्हावे लागते. जवळची वाटणारी भाषा दूरच्या भाषेपेक्षा अधिक फसविते.

आदरार्थी प्रयोग दोन्ही भाषांत आहेत. मराठीत तू, तुम्ही, आपण अशा पायऱ्या आहेत. जपानीत समोरच्याचा मान वाढविणारी रूपे, स्वतःला लीन करणारी रूपे आणि सभ्य बोलण्याची रूपे अशी तिहेरी व्यवस्था आहे. मराठी मनुष्य आदर व्यक्तीला जोडतो. वडील हे आदरणीय, तेव्हा घरी आणि बाहेर, कोणाशीही बोलताना "बाबा आले आहेत" असेच तो म्हणतो. जपानीत आदर व्यक्तीवर अवलंबून नसतो, तो बोलणारा कोणाशी बोलत आहे यावर अवलंबून असतो. स्वतःच्या वडिलांना घरात 'ओतोऽसान्' म्हणणारा मुलगा बाहेरच्या माणसाजवळ त्यांचा उल्लेख 'चिचि' या साध्या शब्दाने करतो. कार्यालयातील वरिष्ठाविषयी बाहेरच्या माणसाशी बोलताना त्याच्या नावापुढचा 'सान्' गळतो. 'आतले' आणि 'बाहेरचे' अशी ही विभागणी आहे. मराठी विद्यार्थी व्याकरण अचूक ठेवूनही येथे चुकतो, कारण "साहेब बाहेर गेलेत" हे वाक्य तो मनातल्या मनात मराठीत बोललेला असतो.

'देणे' या क्रियापदाचेही तसेच. 'करून देणे' हे मराठीत दोन्ही दिशांनी चालते. जपानीत मी दुसऱ्यासाठी केले तर 'आगेरु' आणि दुसऱ्याने माझ्यासाठी केले तर 'कुरेरु'. उपकाराची दिशा क्रियापदातच कोरलेली असते. उलट मराठीत 'गेलो'-'गेले' यांतून बोलणाऱ्याचे लिंग कळते, जपानी क्रियापदात लिंग, वचन, पुरुष यांपैकी काहीच नसते. अकराव्या शतकाच्या आरंभीची मुरासाकी शिकिबूची *गेंजी मोनोगातारी* वाचताना कर्ता कोण हे पुष्कळदा आदरार्थी रूपाच्या पातळीवरूनच ओळखावे लागते. म्हणजे व्याकरण आणि समाजव्यवस्था यांचा अभ्यास वेगळा करता येत नाही. अभ्यासक्रमात 'भाषा' आणि 'संस्कृती' असे दोन प्रश्नपत्र करून संस्कृतीच्या प्रश्नपत्रात चहाविधी, पुष्परचना व सण यांवर टिपा मागविल्या जातात, तेव्हा हा दुवा तुटतो.

७

लिपीच्या संदर्भात जपानीविषयी सर्वांत अधिक भीती असते. नित्य वापरासाठी अधिकृतपणे ठरविलेल्या कांजी चिन्हांची संख्या २०१० पासून २,१३६ आहे. त्यांपैकी १,०२६ चिन्हे जपानी मुले प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत शिकतात. संख्येपेक्षा नवशिक्याला अधिक गोंधळात टाकते ती एका चिन्हाची अनेक वाचने. पाण्याचे चिन्ह एकटे आले तर 'मिझु' वाचावयाचे, सामासिक शब्दात 'सुइ'.

मराठीच्या अभ्यासकाला हे असे सांगता येईल : 'पाणी' आणि 'जल' या दोन्ही शब्दांसाठी आपण एकच चिन्ह वापरत आहोत अशी कल्पना करावी. ते चिन्ह एकटे आले तर 'पाणी' वाचावे, आणि 'जलाशय', 'जलप्रवाह' अशा समासांत 'जल' वाचावे. घरगुती शब्द आणि विद्येच्या भाषेतून घेतलेला शब्द, असे दोन थर आपल्याही भाषेत आहेत. जपानीने ते एकाच चिन्हाखाली ठेवले एवढेच. आपल्याकडे जे स्थान संस्कृतचे, ते तेथे चिनीचे.

हे साम्य वाङ्मयेतिहासातही पुढे नेता येते. हेइआन काळात विद्वान पुरुष चिनीत लिहीत आणि कानालिपीतील लेखन हे स्त्रियांचे समजले जाई. कि नो त्सुरायुकी या कवीने सुमारे ९३५ मध्ये *तोसा निक्की* ही प्रवासाची रोजनिशी लिहिली ती स्त्रीचा मुखवटा घेऊन आणि कानालिपीत. जपानी गद्याचे श्रेष्ठ प्रारंभिक ग्रंथ स्त्रियांनी लिहिले. विद्वत्तेची भाषा बाजूला ठेवून लोकभाषेत लिहिणे म्हणजे काय, हा प्रश्न *लीळाचरित्र* आणि *ज्ञानेश्वरी* शिकविणाऱ्या विभागाला परका नाही. महदंबेचे *धवळे* शिकविताना हेइआन काळातील स्त्रीलेखनाची तुलना करता येईल. तिथली कारणे धर्मप्रसाराची नव्हती, दरबारी जीवनाची होती. हा भेद मांडला तरच ती तुलना अर्थपूर्ण ठरेल.

८

या पार्श्वभूमीवर मराठी हायकूकडे पुन्हा पाहू. शिरीष पै (१९२९–२०१७) यांनी हायकू मराठीत आणला, रुजविला आणि त्याला एक स्वतंत्र मराठी रूप दिले. हे रूप बहुधा तीन ओळींचे आहे आणि त्यातील दोन ओळींत यमक साधलेले असते. मराठी काव्यप्रकार म्हणून त्याचे मूल्य त्यातील अनुभवाच्या कसावर ठरते, आणि जपानी नियमांची पट्टी लावून त्यास कमी लेखणे अन्यायाचे होईल. आक्षेप कवयित्रीवर नाही. जपानी हायकूची म्हणून जी लक्षणे आपण अध्यापक फळ्यावर लिहितो, त्यांच्यावर आहे.

पहिले लक्षण तीन ओळींचे. जपानीत हायकू रूढीने एकाच उभ्या ओळीत लिहितात. तीन ओळी ही पाश्चात्त्य भाषांतील अनुवादकांनी केलेली मांडणी आहे. दुसरे, सतरा अक्षरांचे. ती सतरा एकके मात्रांच्या जवळची आहेत, आणि ती मर्यादाही अनुल्लंघ्य नाही. एखादी मात्रा अधिक झालेल्या रचना बाशोच्याही आहेत. 'होतोतोगिसु' या पक्ष्याचे नुसते नाव घेतले की पाच मात्रांचा चरण संपतो. सतरा मात्रांत किती थोडे शब्द मावतात याची कल्पना यावरून यावी. तिसरे, 'बाशोचा हायकू' या शब्दप्रयोगाचे. मात्सुओ बाशो (१६४४–१६९४) जे लिहीत असे त्याला 'होक्कु' म्हणत. अनेक कवींनी एकत्र बसून गुंफावयाच्या काव्यमालेचा तो पहिला चरणसमूह असे. त्याला तोडून स्वतंत्र कविता म्हणून 'हाइकु' हे नाव रूढ केले ते मासाओका शिकी (१८६७–१९०२) याने. एकांतात क्षण टिपणारा कवी ही आपली हायकूकाराची प्रतिमा आहे. मुळात ही कला मैफिलीची होती.

चौथी गोष्ट ऋतुशब्दाची. पारंपरिक हायकूत ऋतू सुचविणारा शब्द असतो आणि अशा शब्दांचे ऋतुवार कोश असतात. नुसता 'त्सुकि', म्हणजे चंद्र, आला की तो शरदाचा समजावयाचा. नुसते 'हाना', म्हणजे फूल, आले की ते वसंतातील साकुरा समजावयाचे. इंग्रजी अनुवादात 'चंद्र' हा केवळ चंद्र राहतो. कोजागरी साजरी करणाऱ्या मराठी वाचकाला शरदाच्या चंद्राचे वेगळेपण सांगावे लागले नसते. पाचवी गोष्ट 'या', 'काना', 'केरि' या विच्छेदक शब्दांची. यांना शब्दार्थ जवळजवळ नसतो. ते कवितेला मध्ये किंवा शेवटी छेद देतात आणि वाचकाला थांबवितात. इंग्रजीत त्यांच्या जागी उद्गारचिन्ह किंवा रेघ येते, आणि मराठीत तीच चिन्हे उचलली गेली. मराठी ओवीत 'गे', 'बाई', 'हो' असे शब्द आहेत; त्यांचे कार्य वेगळे आहे, पण अर्थावाचून काम करणारा शब्द ही कल्पना तरी आपल्या कानाला परिचित आहे.

माधव जूलियनांची आठवण येथे पुन्हा होते. गझल मराठीत आणणारा हा कवी फारसीचा अध्यापक होता आणि *फारसी-मराठी कोशा*चा कर्ता होता. सुनीत मराठीत आले तेव्हा ते मूळ इंग्रजीत वाचू शकणारा वाचकवर्ग हजर होता. हायकूच्या बाबतीत मूळाशी ताडून पाहणारे कोणी नव्हते, आणि पन्नास वर्षे लोटल्यानंतरही आपल्या विभागांत ते जवळजवळ नाहीत.

उलट बाजूचे चित्र पाहण्याजोगे आहे. हिरोशी फुकाझावा आणि हिरोयुकी कोतानी या जपानी इतिहासकारांनी मध्ययुगीन दख्खनच्या समाजव्यवस्थेवर मराठी कागदपत्रांच्या आधारे संशोधन केले. फुकाझावा यांचे मध्ययुगीन दख्खनवरील लेख १९९१ मध्ये इंग्रजीत ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले आणि आपले अभ्यासक त्यांचा आधार घेतात. ते आपली वतनपत्रे मराठीत वाचतात. आपण त्यांची कविता इंग्रजीत वाचतो.

९

यावर काय करता येईल, याविषयी काही सूचना नम्रपणे मांडाव्याशा वाटतात. मराठीच्या प्रत्येक अध्यापकाने जपानी शिकावे असे सुचविण्याचा हेतू नाही.

पहिली सूचना पाठ्यसामग्रीची आहे. हायकू शिकविताना निदान चार-पाच जपानी रचना देवनागरी लिप्यंतरासह, शब्दशः अर्थ आणि मात्राविभाग दाखवून विद्यार्थ्यांपुढे ठेवाव्यात. त्या तयार करण्यासाठी शेजारच्या परकीय भाषा विभागातील सहकाऱ्याची दोन दुपारची मदत पुरेशी आहे. दुसरी सूचना लिप्यंतराच्या एका ठरावीक पद्धतीची. दीर्घ स्वर, द्वित्व, अन्त्य 'न्' आणि दंत्य वर्ण दाखविण्याचे संकेत एकदा ठरले, तर रोमन लिपीचा आधार घ्यावा लागणार नाही. तिसरी, मराठी जाणणाऱ्यांसाठी मराठीच्या अंगाने लिहिलेल्या जपानी व्याकरणाची. '-ऊन' आणि '-ते' यांच्या तुलनेवर एम. फिल. किंवा पीएच. डी. झालेला विद्यार्थी असे पुस्तक लिहू शकेल. त्यात आदरार्थी रूपांसारखी फसवी साम्ये आवर्जून नोंदवावीत. चौथी सूचना अनुवादाची. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने विद्याशाखांच्या भिंती कमी करण्याचे म्हटले आहे. तिचा लाभ घेऊन जपानीची एक आणि मराठीची एक अशा दोन विद्यार्थ्यांनी मिळून एका जपानी कथेचा मराठी अनुवाद प्रकल्प म्हणून सादर करावा. एक भाषा जाणेल, दुसरा मराठी गद्याचा कान लावील, आणि इंग्रजी अनुवाद ताडून पाहण्यापुरता टेबलावर राहील.

ज्या विद्यार्थिनीने तो प्रश्न विचारला, ती पदवी घेऊन गेली. तिच्या वहीत 'सतरा अक्षरे' असेच लिहिलेले राहिले असावे, आणि परीक्षेत तसे लिहिल्याबद्दल तिला गुणही मिळाले असतील. त्यानंतरच्या तुकड्यांना प्रस्तुत लेखिका हा विषय शिकविते तेव्हा आरंभी 'निप्पोन्' हा शब्द फळ्यावर लिहून त्याच्या मात्रा मोजावयास सांगते. *छंदोरचने*तील नियम ज्यांना आठवतो ते विद्यार्थी चार असे उत्तर देतात. जपानीतील एकही शब्द त्यांनी तोपर्यंत शिकलेला नसतो.